काचेची पट्टी, तिसरा मजला

हिशेब आधीच मांडून टाकू. ती काच शाबूत राहिली, तर सुवर्णाला काय मिळणार होतं? तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एक गोल बाल्कनी. आणि चार वर्षं खाटेवरून न उठलेल्या वडिलांना त्याच खाटेवर, त्याच खिडकीसमोर ठेवता येण्याची सोय. शिवाय... शनिवार. शनिवार तिनं सुरुवातीला धरलेच नव्हते. ते नंतर आले आणि सगळ्यात जड तेच निघाले.

पहिला शनिवार ऑगस्टातला. शिकवणी आटपून, भिजलेली छत्री झटकत ती जिना चढत होती. दुसऱ्या वळणावर स्टूल, स्टुलावर एक तरुण, ओठांत पेन्सिल. भिंतीला काहीतरी चिकटवत होता आणि वाट पूर्ण अडली होती.

"बाजूला होता का? की मी भिंतीतून जाऊ?"

"भिंतीतून नका जाऊ," पेन्सिल न काढताच तो म्हणाला. "भिंतीची तब्येत बरी नाही."

हा नवनाथ. मूळचा निफाडचा, डिप्लोमा झालेला, गंगापूर रोडवरच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात नोकरीला. 'उदय निवास' धोकादायक असल्याची नोटीस आली होती. इमारत पाडायची की दुरुस्त करायची, हे ठरवायला त्याला पाठवलं होतं.

"हे काय लावताय?"

"काच. भेगेवर आडवी पट्टी, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की, वर तारीख. भेग हलली की काच तडकते. तडकली तर भेग जिवंत, नाही तडकली तर मेलेली."

"आणि मेलेली बरी?"

"भेगांमध्ये, हो."

"माणसांमध्ये?"

पेन्सिल खाली पडली. ती घरंगळत गेली थेट पहिल्या मजल्यावर, आणि ती आणायला सुवर्णा गेली नाही, तोच गेला. परत येताना कान लाल.

अकरा पट्ट्या लागल्या. दर शनिवारी तो पाहायला येणार. दिवाळीपर्यंत सगळ्या शाबूत राहिल्या, तर भाडेकरूंना न हलवता दुरुस्ती. एक जरी तडकली, तर आठ दिवसांत घरं रिकामी. अकरावी पट्टी सुवर्णाच्या बाल्कनीत होती, बाल्कनी घराला जिथे धरून होती नेमकी तिथे. तिथे पोचायला नवनाथला घरातून जावं लागे. तिथे त्याला वेळही फार लागे... काच चार इंचांची होती, तरी.

"एवढं काय वाचता तिच्यात?" सुवर्णा चहाचा कप पुढे करत विचारी.

"अक्षर बारीक आहे."

"अक्षर तुमचंच आहे."

खाटेवरून तिचे वडील, रंगनाथराव, हसत. त्यांना पोरगा आवडला होता, कारण तो इमारतीबद्दल माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचा. १९४९ ची इमारत. मालकाच्या आजोबांनी मुंबईला समुद्रासमोरच्या नव्या बिल्डिंगा पाहिल्या आणि गड्याला वाटलं, नाशिकनं काय घोडं मारलंय? मग जिन्याचा मनोरा पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता करत आभाळात नेला. जिन्याला जहाजासारख्या गोल खिडक्या. पाच मजल्यांच्या अंगावर तीन-तीन आडव्या रेघा, जणू इमारत आत्ताच स्टेशनातून सुटली आहे. कठड्याच्या जाळीत उगवता सूर्य, किरणांसकट.

"समुद्र नाही, पण खिडक्या आहेत," सुवर्णा म्हणाली.

"आणि ही बाल्कनी बघा. खालच्यांपेक्षा हातभर पुढे. कोपऱ्याला खांब नाही, कारण खांब दिला की ऐट गेली. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, तेही कमीच घातलं असणार. सगळा भार आतल्या सळयांवर. आणि सळया..." तो थांबला.

"गंजतात."

"लय गंजतात." निफाड असं मधूनच डोकावायचं, विशेषतः तो घाबरला की.

या बाल्कनीच्या सावलीत, फूटपाथवर, मखमलाबादच्या नवसाबाई फुलं विकायला बसत. वीस वर्षांची जागा. पहिल्याच शनिवारी नवनाथनं त्यांना उठवलं.

"मावशी, काचेचं कळेपर्यंत समोर बसा."

"समोर ऊन हाय."

"ऊन डोक्यावर पडत नाही."

"पडतं की! तुझ्या डोक्यावर तिसरा मजला पडलाय, ते मला दिसत नाय व्हय?"

बाई उठल्या खऱ्या, पण दर शनिवारी रस्त्यापलीकडून ओरडत, "पोरा, काच काय म्हंते?" तो हात हलवून सांगे, शाबूत. त्या शेवंतीची एक वेणी फेकत. झेलायची त्यानं, माळायची सुवर्णानं. असे सहा शनिवार गेले. सातव्याच्या आधी, गुरुवारी सकाळी, बाल्कनी पुसताना सुवर्णाला काच दिसली. मधोमध, केसासारखी बारीक चीर.

ती फडकं हातात घेऊन तशीच बसून राहिली. आत वडील विचारत होते, "पाऊस थांबला का गं?" ती म्हणाली, "थांबला." तेही पाहिलं नव्हतं.

दुपारी भद्रकालीत फ्रेमवाल्याकडून तिनं काचेची एक पट्टी कापून घेतली. प्लास्टर शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळालं. जुनी तारीख तिनं त्याच्यासारखीच, बारीक अक्षरात लिहिली. ही बाई मूर्ख नव्हती. मनाशी तिनं तोलून पाहिलं होतं. खरंच धोका असेल, तर त्याच्या नजरेतून सुटेल? एवढा वाचत बसतो. त्याला काही दिसलं नाही, तर तसं काही नसेलच.

शनिवारी नवनाथ आला. काचेकडे पाहिलं. प्लास्टरवर अंगठा टेकवला. ओल्या हवेत दोन दिवसांचं प्लास्टर वाळत नाही. ते गार होतं, आणि अंगठ्याला पांढरं लागलं. दीड महिन्यापूर्वीचं प्लास्टर असं नसतं, हे त्याच्याइतकं नाशकात कोणाला कळणार? त्यानं अंगठा पँटला पुसला. वहीत लिहिलं: शाबूत.

"चहा?" मागून आवाज आला, नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीत.

"घेईन ना," तो वळून म्हणाला. आणि हसला. दोघंही हसले. त्या दिवशी चहा तीनदा झाला.

पुढच्या शनिवारी तो निफाडहून डबीत बेदाणे घेऊन आला. डबी तिच्या हातात देताना सोडायची विसरला.

"एक विचारू? रागावणार असाल तर... नाही विचारत."

"विचारल्याशिवाय कसं कळणार, रागवायचं की नाही?"

"दसऱ्याला आईला घेऊन येऊ का? तुमच्या बाबांना भेटायला."

"बाबांनाच?"

"...नाही."

"मग या," ती म्हणाली. आणि बेदाण्याची डबी त्याच्या हातातून हळूच ओढून घेतली.

दोघं खाली उतरले, तर नवसाबाई रस्ता ओलांडून आलेल्या. पदरानं घाम पुसत.

"पोरा, सांग एकदाचं. दसऱ्याचा धंदा हाय. झेंडू उन्हात मान टाकतोय. काच शाबूत म्हंतोस ना? मग बसू का माझ्या जाग्यावर?"

नवनाथनं सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णानं नवनाथकडे. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार होतं. आणि ज्याच्यामुळे ते सांगता येत नव्हतं, ते माणूस हातभर अंतरावर, केसांत वेणी माळून उभं होतं.

"बसा, मावशी," तो म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, गोल बाल्कनी सूर्याच्या जाळीसकट सुटली. आवाज आधी आला नाही, पडल्यावर आला. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. तासाभरानं पडती, तर दहा-बारा माणसं सापडली असती, असं नंतर सगळे म्हणत होते, जणू नशीब काढलं. त्या वेळी झेंडूच्या ढिगाशी एकच माणूस होतं. पोती सोडत, वाकलेलं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नवसाबाईंची सून भिंतीला टेकून बसली होती. सुवर्णा तिच्याशेजारी बसू शकली नाही. ती टोकाला, खिडकीपाशी गेली. नवनाथ तिथेच होता.

"मी बदलली ती काच," ती म्हणाली. "गुरुवारी तडकली होती."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"त्याच शनिवारी. प्लास्टर ओलं होतं."

"आणि तू शाबूत लिहिलंस? अरे... तुला दिसलं नाही म्हणजे तसं काही नसेल, असं धरून चालले होते मी! तुझ्या भरवशावर!"

"मीपण तुझ्याच. वाटलं, तू आत राहतेस. बाबांना तिथे झोपवतेस. खरंच पडणार असती तर तू कशाला..." त्यानं अंगठा पुन्हा पँटला पुसला. "शाबूत नाही लिहिलं, तर तू जाशील. कुठं जाशील, हेबी मला माहीत नाय. मला तू पाहिजे होतीस, सुवर्णा. एवढंच हाय ते."

त्यानं इतकी सरळ कबुली यापूर्वी कधी दिली नव्हती. इतके दिवस हेच ऐकायला ती जीव टाकत होती, आणि आता ऐकताना तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीला टेकलेल्या त्या सुनेवर होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे नवसाबाई गेल्या.

नवनाथनं पोलिसांना जबाब लिहून दिला: काच तडकलेली मला दिसली होती, मी शाबूत लिहिलं. ती बदलली गेली, याचा उल्लेखच नाही. सुवर्णाला फक्त गप्प बसायचं होतं. ती दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन तिनं फ्रेमवाल्याच्या दुकानापासून सगळं सांगितलं, आणि सही केली.

इमारत आठवड्यात रिकामी झाली. रंगनाथरावांना खुर्चीत बसवून चौघांनी गोल खिडक्यांच्या जिन्यानं खाली आणलं. आता ते देवळाली कॅम्पला भावाच्या पडवीत असतात, त्यांच्यासमोर भिंत आहे. नवनाथची नोकरी गेली. कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच बाकावर बसतात. त्याची आई म्हणते, ही मुलगी नको. सुवर्णा म्हणते, बरोबर म्हणतात. तो बाक बदलत नाही.

आता बेरीज. सुवर्णानं घर दिलं आणि नाव दिलं. बदल्यात तिला दोन शनिवार जास्तीचे मिळाले. नवनाथनं नोकरी दिली. त्यालाही तेच दोन शनिवार मिळाले. नवसाबाईंनी सगळ्यात जास्त भरलं, आणि त्या दोन शनिवारांत त्यांचं काहीच नव्हतं.