तळावरचं घर

त्या देशात भाड्याचं घर मिळणं लग्न जमण्यापेक्षा अवघड, असं गेर्दीनची मुलगी मिर्टे म्हणायची. लोक नाव नोंदवून ठेवतात आणि पोरं शाळेत जायला लागली तरी वाटच बघत बसतात. त्यामुळे रूल्फीनबाईंनी पहिल्याच भेटीत किल्ली पुढे केली, तेव्हा गेर्दीनला आनंदाच्या आधी शंकाच आली.

"बाकी कोणी आलं नव्हतं का बघायला?" तिनं विचारलं.

"आले होते की. रांग लागली होती," रूल्फीनबाई म्हणाल्या. घर त्यांचंच होतं, आणि त्या स्वतः शेजारच्या घरात राहत. उंच, हाडकुळ्या, बोलायला रोखठोक. "पण तुम्ही दोघं पाण्यावरची माणसं. तुम्हाला इथं जड जाणार नाही."

गेर्दीननं खिडकीबाहेर पाहिलं. तांबड्या विटांची बुटकी घरं, नीट कातरलेली कुंपणं, बिनपडद्याच्या मोठाल्या खिडक्या, आणि मागं एक अरुंद चर, त्यात बदकं. पाणी म्हणावं तर तेवढंच. बाई काहीतरी बोलून गेल्या असतील म्हणून तिनं विषय सोडून दिला. तिला बाग दिसत होती, आणि तेवढं तिला पुरे होतं.

गेर्दीनचं सगळं आयुष्य मालबोटीवर गेलेलं. नवरा सिब्रांट सुकाणू धरायचा. इंजिन, हिशेब, स्वयंपाक आणि पाण्याची खोली दाखवणारं यंत्र हिच्याकडे. खडी आणि धान्य भरून त्यांनी कालव्याकालव्यांतून किती देश पालथे घातले, पण मातीत हात घालायचा योग आला नव्हता. बोटीच्या छपरावर दोन कुंड्या, एवढीच तिची शेती. मग सिब्रांटच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी बोट विकायला लावली, आणि जन्मात पहिल्यांदा दोघं जमिनीवर राहायला आली.

सिब्रांटला ते मानवेना. "हलतच नाही गं काही," तो सकाळी पलंगावर बसून म्हणायचा. "मेल्यासारखं पडून राहतं घर. माणसानं झोपायचं कसं?"

"पाळण्यात घालू का तुला?"

"घाल. पण हलवत राहा."

तो हसायचा, पण दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचा. रंग उतरलेला, खांदे पडलेले. गेर्दीन बागेत खणायची आणि मधूनमधून काचेतून त्याच्याकडे बघायची. बोट विकून आपण याला वाचवलं की बुडवलं, हा प्रश्न ती मातीत गाडायची आणि तो पुन्हा वर यायचा.

वस्ती अगदी शांत होती. इतकी हिरवी की घरातल्या भिंतींवरही हिरवा उजेड पडायचा. माणसं भली होती. पहिल्याच आठवड्यात ओळीत पलीकडे राहणाऱ्या होविंग मास्तरांनी कॉफीला बोलावलं. कपाबरोबर एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. "आपली माणसं," परत येताना सिब्रांट म्हणाला. "दुसरं बिस्किट मागितलं असतं तर मास्तरांनाच झटका आला असता." त्या दिवशी तो जरा खुलला होता.

पहिली गोष्ट गेर्दीनच्या लक्षात आली ती काचांची. पुसल्या की दोन दिवसांत त्यांवर पांढुरका थर बसायचा. तिनं बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. समुद्र तिथून बराच लांब. पण ही सगळी जमीनच मुळी एके काळी समुद्राचा तळ होती. बांध घातले, पाणी उपसलं, आणि गाळावर गावं वसली. नांगरताना अजून जुन्या जहाजांच्या फासळ्या निघतात. जमिनीतलंच मीठ वाऱ्यानं उडत असेल, असं तिनं ठरवलं. खणताना शिंपले निघायचे, त्याचं तर तिला काहीच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट झाडांची. रस्त्याच्या कडेचे सगळे लिंडन वृक्ष एकाच उंचीला संपत होते. कुठं झेंड्याची काठी नाही, बागेत छत्री नाही. एकदा होविंग मास्तर कुंपण कातरत होते, तेव्हा तिनं विचारलं, "झाडांचे शेंडे दर वर्षी छाटता का?"

"आम्ही नाही छाटत," मास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी कात्री बंद केली. "घासून जातात," ते म्हणाले, आणि चहाची वेळ झाल्याचं सांगून आत गेले.

गेर्दीननं शेंड्यांकडे नीट पाहिलं. फांद्या कापलेल्या नव्हत्याच. टोकं झिजून गुळगुळीत झाली होती. बोट वर्षानुवर्षं एकाच धक्क्याला टेकली की तिथलं लाकूड असंच होतं. ते तिला चांगलं ओळखू आलं, आणि म्हणूनच तिनं सिब्रांटला काही सांगितलं नाही.

उन्हाळा सरता सरता एक दुपार अशी आली की वारा पडला. गेर्दीन मागच्या दारी डेलियाला आधाराच्या काड्या लावत होती. अंगावर झुळूक नव्हती. दोरीवरची चादर मात्र हळूहळू वर उचलली गेली आणि तशीच आडवी तरंगत राहिली. तिनं मान वळवली. सगळ्या झाडांची सगळी पानं एकदम एका बाजूला कलली होती. थोडा वेळ तशीच राहिली, मग सावकाश दुसऱ्या बाजूला गेली. पुन्हा इकडं. पुन्हा तिकडं. कालव्याच्या तळाशी शेवाळ डोलतं, अगदी तसं.

बदकं चरातून निघून कुंपणाखाली दडली होती. लांबच्या रस्त्याचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा दबत दबत नाहीसा झाला. कानात दडे बसले.

मग हिरवळीवर सावली आली.

ती चराच्या बाजूनं आली आणि सावकाश पुढे सरकू लागली. ढगाची सावली कडांना विरलेली असते. हिची कड रेखीव होती. पुढे रुंद, गोलसर नाळ. मागं निमुळती होत गेलेली. दोन्ही कुशींना माशाच्या परांसारख्या लोंबत्या फळ्या. जुन्या शिडाच्या, सपाट तळाच्या बोटींना असतात तशा. गेर्दीननं तसल्या बोटी संग्रहालयात पाहिल्या होत्या. तिनं वर पाहिलं. वर निरभ्र आकाश होतं, फक्त ते थरथरत होतं. उजेडाच्या दोऱ्या त्यातून खाली उतरत होत्या आणि घरांच्या छपरांवरून जाळ्यासारख्या सरकत होत्या.

इतकं सुंदर काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी हे तिला कळत होतं, पण भीतीला मनात जागाच उरली नव्हती.

दार वाजलं. सिब्रांट बाहेर आला, अनवाणी. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"रिकामी आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माल नाही तिच्यात. बघ, पाण्यात किती कमी बसलीय."

सावली छपरावर चढली, रस्त्यावर उतरली, निघून गेली. तेव्हा कुठं गेर्दीनला दिसलं, की ओळीतल्या प्रत्येक बागेत माणसं उभी होती. हात खाली सोडून, देवळात उभी राहावीत तशी. होविंग मास्तरांच्या हातात कॉफीचा कप तसाच होता. चादर हळूच खाली आली. बदकं बोलू लागली.

"आज बऱ्याच दिवसांनी आली," कुंपणापलीकडून रूल्फीनबाई म्हणाल्या. "तुमचे डेलिया छान आलेत हं."

त्या रात्री सिब्रांट गाढ झोपला. दुसऱ्याही रात्री. त्यानं खुर्ची बागेत नेऊन ठेवली, आणि वारा पडला की तो तिथं जाऊन बसायचा. कोणती बोट मासेमारीची, कोणती मालाची, कुणाची नाळ दुरुस्त केलेली, हे तो सावलीवरून सांगायचा. गालांवर रंग आला. जिना चढताना थांबावं लागेना. मिर्टे भेटायला आली तेव्हा बापाला बघून चकित झाली. "काय खायला घालतेस गं यांना?" तिनं आईला विचारलं. गेर्दीन म्हणाली, "इथली हवा."

पण एका संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढलाच. "मिर्टेच्या गावाला एक घर रिकामं होतंय. बघायचं का?"

सिब्रांटनं बटाटा कुस्करला, त्यावर रस्सा ओतला.

"गेर्दीन, आयुष्यभर आपण वरून गेलो. खाली काय आहे, कोण आहे, कधी मनात तरी आलं का आपल्या?"

"खाली गाळ होता. मी रोज मोजत होते."

"मोजत होतीस. बघितलास का?"

"त्या वरच्यांना तरी कुठं ठाऊक आहे, आपण इथं आहोत ते?"

"तेच म्हणतोय मी," सिब्रांट म्हणाला.

तिनं घास खाली ठेवला. भर पुरात, धुक्यात, किती पाण्यांवरून त्यांची बोट गेली होती. त्या प्रत्येक पाण्याखाली कोणीतरी बागेत उभं राहून वर बघत असेल, हे तिच्या मनात आलं आणि मग जाईना. घर बदलायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

पानं पिवळी पडू लागली होती, त्या वेळची गोष्ट. अशीच निवांत दुपार होती. गेर्दीन गुडघ्यांवर बसून वाफा साफ करत होती. सिब्रांट खुर्चीत होता. पानं कलली, आवाज दबला, आणि सावली आली. ही आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. तिनं पूर्ण बाग झाकली, रूल्फीनबाईंची झाकली, मास्तरांच्या दारापर्यंत गेली.

आणि थांबली.

याआधी कोणतीच थांबली नव्हती. शेजारच्या बागेतून रूल्फीनबाईंचा हळू आवाज आला. "हलू नका. जाईल ती."

वरून काहीतरी उतरत होतं. आधी ते काळ्या ठिपक्याएवढं होतं. मग दोर दिसला. ओला, काळपट, जाड. टोकाला शिशाचा लांबट गोळा, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. तो उजेडाच्या जाळ्यातून हलके हलके डुलत खाली आला आणि हिरवळीला टेकला. आवाज झाला नाही. गवत तेवढं दबलं. दोर सैल पडला, वर खेचला गेला, गोळा हातभर उचलला, पुन्हा टेकला.

कोणीतरी खोली मोजत होतं.

सिब्रांट उठला.

"हात लावू नकोस," गेर्दीन म्हणाली.

तो दोरापाशी जाऊन उभा राहिला. तळहात वर करून त्यानं तो नुसता जोखला, बाजारात कापड जोखतात तसा. मग वळून तिच्याकडे पाहिलं. कालव्याचे दरवाजे उघडले की तो पूर्वी असाच बघायचा. सगळं तयार आहे ना, निघायचं ना.

"येतेस?" त्यानं विचारलं.

तिच्या हातात खुरपं होतं. नखांत माती होती. पलीकडे कंदांची टोपली होती, अजून लावायचे होते ते. तिला ओरडायचं होतं, त्याचा सदरा धरायचा होता. पण गेल्या कित्येक वर्षांत तिनं त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "मी आत्ताच कुठं टेकलेय."

"हो," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला."

त्यानं दोर दोन्ही हातांनी धरला.

वरून ओढ आली. त्याच्या टाचा उचलल्या, मग बोटं. तो घाईनं गेला नाही. खिडकीच्या पातळीला त्याचे गुडघे आले. मग पन्हळीच्या. मग त्यानं तोंड उघडलं, आणि मोठा श्वास सोडला. त्या श्वासाचे रुपेरी मणी झाले. ते त्याच्या आधी, त्याच्यापेक्षा वेगानं, वर निघून गेले.

तो लहान होत गेला. थरथरत्या उजेडाला त्याचं डोकं टेकलं.

तिथं एक वर्तुळ उमटलं. ते पसरत पसरत सगळ्या वस्तीवर गेलं आणि मिटलं.

सावली हलली.

पोलीस आले. त्यांनी चर शोधला, पलीकडचं रान शोधलं. ओळीतल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, की माणूस बागेत होता आणि मग नव्हता. त्यात खोटं काही नव्हतं. रूल्फीनबाई वाटाण्याचं दाट सूप घेऊन आल्या आणि गेर्दीन ते संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. "आमचे हे पण गेले," त्या म्हणाल्या. "मी पण नाही म्हटलं होतं." मग भांडं धुऊन घेऊन गेल्या.

मिर्टे रडली, रागावली, आईला घेऊन जायला गाडी घेऊन आली. "त्या घरात एकटी काय करणार आहेस तू?" गेर्दीन गाडीत जाऊन बसली. गाडी वस्तीबाहेर पडली, बांधावर चढू लागली, तशी तिच्या छातीत कळ आली. कान फुटतील असं वाटलं. माथ्यावर पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. मिर्टेनं घाबरून गाडी वळवली. उतार लागला तसं सगळं ओसरलं. लिंडनची झाडं दिसली तेव्हा गेर्दीन नीट बोलू लागली होती. "धक्क्यानं होतं असं," ती म्हणाली. "काही दिवस राहू दे मला इथंच."

ती राहिली.

थंडीच्या आधी कंद लावून व्हायला हवे होते. एका निवांत दुपारी ती टोपली घेऊन बसली. खड्डा करायचा, कंद ठेवायचा, माती ओढायची, तळव्यानं दाबायची. मधे एक सावली आली, बागेवरून गेली. तिनं वर पाहिलं नाही, फक्त हात थांबवले, आणि कड सरकून गेल्यावर पुन्हा खुरपं उचललं. पूर्ण वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून झाला.

ती पाठ सरळ करायला उठली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वाफ्याला सुरुवात केल्यापासून आपण एकदाही श्वास घेतलेला नाही.

ती तशीच उभी राहिली. आता घ्यावासा वाटेल, मग वाटेल, म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. मग खाली वाकून तिनं टोपली उचलली आणि पुढच्या वाफ्याकडे गेली.