थुंकी लावलेली पाने

लोटन गुरुजी धुळ्याहून जळगावला निघाले ते एक पुस्तक आणायला. काम एवढेच होते. जायचे, पुस्तक ताब्यात घ्यायचे, जळगावच्याच मोठ्या पोस्टातून ते मोंबासाला रवाना करायचे आणि रात्रीपर्यंत घरी परतायचे.

धरणगावच्या राममंदिराच्या ओट्यावर भजन नुकतेच आटोपले होते. झुलाल आबांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून गोष्टीला अशी सुरुवात केली, तेव्हा ऐकायला बसलेला भटू हसला.

"आबा, यात भूत कुठे आहे?"

"भूत काय तुला वर्दी देऊन येणार आहे? ऐक."

"पण खरी आहे ना?" उखर्डूने विचारले. तो मघापासून भिंतीला पाठ लावून बसला होता.

"लोटन आणि मी एकाच वर्षी मास्तर झालो. त्याला खोटे बोलता येत नाही. येत असते तर तो आज हेडमास्तर असता." आबांनी मंदिरातल्या समईकडे पाहून हात जोडले आणि ते पुढे सांगू लागले.

गुरुजींची थोरली बहीण सुंदरबाई. लग्न होऊन ती आफ्रिकेत मोंबासाला गेली. नवरा तिथे रेल्वेत नोकरीला होता. जाताना तिने देव नेले, चार भांडी नेली आणि एक कादंबरी नेली. तापीकाठच्या एका मुलीची ती कथा. दूरदेशी दिलेली ती मुलगी अखेरच्या प्रकरणात माहेरी परत येते, एवढेच तिचे सार. लहानपणी दोघा भावंडांनी ती चिमणीच्या उजेडात मांडीला मांडी लावून वाचली होती. अक्का फार सावकाश वाची. आवडते पान आले की पुढे जाण्याऐवजी मागे फिरे आणि तेच पुन्हा वाची. धाकटा लोटन कावून जाई. "अक्का, उलट ना!" ती म्हणे, "थांब रे. मला अजून तिथून निघायचं नाही."

मोंबासाला मराठी घरे मोजकी, मराठी पुस्तके त्याहून मोजकी. अक्काने ती कादंबरी शेजारणीला दिली. शेजारणीने एडनला भावाला धाडली. तिथून ती रंगूनला गेली आणि फिरून मोंबासाला आली. असा पुस्तकाचा फेराच सुरू झाला. ज्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही, त्यांचे या एका पुस्तकामुळे ऋणानुबंध जुळले. नियम अक्काने घालून दिले होते. पुस्तक हात धुऊन उघडायचे. पुढे पाठवताना आपल्या घरच्या धुवट कापडाची पिशवी शिवून तीत घालायचे. कोणी धोतराची शिवली, कोणी लुगड्याची. जिथे गेले तिथे ते पाहुण्यासारखे राहिले आणि निघताना लेकीसारखी त्याची पाठवणी झाली.

मग ते जळगावला अभिमनकडे आले.

अभिमन कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये कारकून. एडनच्या नातेवाइकामार्फत तो त्या फेऱ्यात शिरला. त्याला वाचनाचे वेड होते आणि तंबाखूचेही. दोन्ही एकाच वेळी चालत. अंगठा तोंडात घालायचा, तंबाखूच्या लाळेने ओला करायचा आणि पान उलटायचे. पुन्हा अंगठा तोंडात, पुन्हा पान.

"शी!" भटू म्हणाला.

"शी काय? परवा पंचांगाची पाने तूही तशीच उलटत होतास," उखर्डू म्हणाला.

आबा म्हणाले, "विद्येला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. थुंकी लागली तर काय करायचे, हे कोणी शिकवलेच नाही. कारण ती कोणी लावील असे वाटले नव्हते."

त्या वर्षी अक्काची छाती बिघडली. डॉक्टरांनी आशा सोडली. तिने एकच मागितले. माझे पुस्तक आणा, ती माहेरी येते ते प्रकरण मला एकदा वाचू द्या. नवऱ्याने अभिमनला लिहिले. अभिमनने उलट कळवले, "पुस्तक केव्हाच धाडले, बोटीत गहाळ झाले असेल." पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर.

पुस्तक धाडले नव्हते. त्याला ते सोडवत नव्हते. चांगली वस्तू आवडणे हा गुण आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडू नये असे वाटणे हा रोग आहे.

हे उघडकीस आणले धुळ्याचे कापडवाले दीपचंदशेठ यांनी. ते प्रेसमध्ये कामानिमित्त गेले होते. परतल्यावर तडक शाळेत आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या अक्काचं पुस्तक समुद्रात नाही बुडालं. अभिमनच्या कोनाड्यात मजेत बसलंय. पण त्याची दशा बघून मला तर जेवण गेलं नाही."

दुसऱ्याच दिवशी गुरुजी निघाले. साल एकोणीसशे सत्तावन्न, कार्तिक वद्य दशमी. एरंडोलच्या पुढे मोटार बिघडली. जळगाव येईतो दिवे लागले होते. पोस्ट बंद झाले होते. गुरुजी पाय उचलत प्रेसमागच्या कारकुनांच्या खोल्यांकडे गेले.

दार अभिमनच्या बायकोने, भागाबाईने उघडले. ती अमळनेरकडची, अहिराणी बोलणारी. गुरुजींनी कशासाठी आलो ते सांगताच तिने कपाळाला हात लावला. "मी सांगी सांगी थकनू, भाऊ. बठ्ठं पुस्तक थुंकीनं भरी टाकं. आयकतस नही."

आत कंदिलाशी अभिमन बसला होता. मांडीवर पुस्तक. गाल फुगलेला.

"या, या गुरुजी! बसा. पाणी घ्या." अंगठा तोंडात गेला. पान उलटले.

"हे गहाळ झालं होतं ना?"

"सापडलं." तो हसला. दातांच्या फटींतून तपकिरी लाळ दिसली. "अहो, इतकी काय घाई? तुमच्या बहिणीनं दहादा वाचलंय. आता मरणाऱ्या बाईनं पोथी वाचावी की कादंबरी?"

गुरुजी पुस्तकाकडे पाहत होते. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तांबूस, फुगलेला, मऊ झाला होता. पाने एकमेकांना चिकटून सुटताना बारीक चप् असा आवाज करीत. मधल्या शिवणीत तंबाखूचा चुरा अडकला होता. आंबूस वास खोलीभर होता. ज्या पुस्तकासाठी तीन देशांतल्या माणसांनी हात धुतले, त्याची ही गत.

"सकाळी पोस्ट उघडलं की मी हे घेऊन जाणार. तंटा नको."

"न्या की. सकाळ तुमची. रात्र माझी."

भागाबाईने ताट वाढले. गुरुजींनी हात जोडले. त्या घरात घास उतरणे शक्य नव्हते. ते दाराशी पोत्यावर बसून राहिले. मनात रामनाम. पुस्तकावरून नजर हलू द्यायची नाही, एवढा निश्चय.

रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि प्रेस थांबली. दिवसभराची घरघर एकदम नाहीशी झाली. नुसता आवाज राहिला, चप्... चप्...

अखेरचे प्रकरण आले.

अभिमनने अंगठा तोंडात घातला. पान उलटले. पुन्हा तोंडात घातला. थांबला. तोंड वाकडे केले.

"हे कडू काय लागतंय?"

त्याने पुढचे पान चिमटीत धरले. त्याचा कोपरा ओला होता. अजून न उलटलेल्या पानाचा.

"तुम्ही हात लावलात?"

"मी इथे बसलोय."

त्याने त्याच्या पुढचे पान पाहिले. ओले. त्याच्या पुढचे... ओले. ही ओल तंबाखूची नव्हती. पांढरी होती. तार धरणारी. निलगिरीच्या तेलाचा आणि जुन्या कफाचा वास आला. रोग्याच्या खोलीत येतो तो.

अभिमन पचकन थुंकला. पुस्तक खाली ठेवले.

म्हणजे ठेवायला गेला. पुस्तक हातातून सुटेना.

अंगठा तोंडाकडे निघाला. त्याने तोंड मिटले. अंगठा ओठांत शिरला... ओला होऊन बाहेर आला... पानाच्या कोपऱ्यावर जाऊन थांबला.

उलटले नाही.

थांबला.

कोणी सावकाश वाचीत असावे, इतका वेळ.

मग पान उलटले.

"गुरुजी..." अभिमनचा आवाज चिरकला. "हात माझा नाही..."

पुन्हा अंगठा तोंडात. पुन्हा पान. पुन्हा तेवढेच थांबणे. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. पुसायला दुसरा हात उठत नव्हता. आतल्या दाराशी भागाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती.

आणि मग ते झाले. हात पुढे गेला नाही. मागे फिरला. एक पान. त्यावर थांबला...

गुरुजींना समजले.

"अक्का?"

कंदिलाची ज्योत हललीही नाही.

"धरा... धरा ना हो माझा हात!"

गुरुजी पुढे झाले. त्यांनी अभिमनचे मनगट धरले. दिसायला ते जाड, केसाळ होते. मुठीत आले ते काडीसारखे. थंड. नुसती हाडे...

त्यांनी सोडून दिले.

पुस्तक ओढून घेता आले असते. एका हिसक्यात. त्यांनी ओढले नाही. अक्का जायला निघाली होती. ते त्यांना कोणी सांगितले नव्हते, तरी कळले होते. जायच्या आधी तिला एवढे एक प्रकरण हवे होते. ती जळगावपर्यंत आली होती, धुळ्याच्या इतक्या जवळ. आणि तिला वाचायला मिळाली ती ही पाने. परक्या माणसाच्या थुंकीने लडबडलेली. जिने जन्मात हात धुतल्याशिवाय पुस्तक उघडले नाही, तिला.

गुरुजी उठले. माठातले पाणी घेतले. खांद्यावरचे उपरणे भिजवून पिळले. आणि पुस्तकाशी गुडघे टेकून बसले.

पान उलटले की कोपरा पुसायचा. चुरा टिपायचा. हात आवरायचा. तिचे वाचून होईतो थांबायचे.

अंगठा तोंडात... पान...

पुसायचे.

एकदाही ते "उलट ना" म्हणाले नाहीत.

अभिमनचे ओठ फुटले. जीभ सुजून बाहेर आली. तो रडत होता की गुदमरत होता, कळत नव्हते. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले नाही. दया आली नाही. त्याबद्दल त्यांनी पुढे देवाची क्षमा मागितली.

चंद्र उगवून वर आला. शेवटचे पान आले.

हात थांबला. फार वेळ. मग एक पान मागे... पुन्हा शेवटचे...

पुस्तक मिटले.

अभिमन कुशीवर कोसळला.

ओट्यावर आबांनी घोंगडी सावरली. समईची वात तडतडली तसा उखर्डू भटूला चिकटून बसला.

"मग गुरुजींनी पुस्तक पोस्टात टाकले?" भटूने हळूच विचारले.

"मोंबासाला आता घ्यायला कोण होते? पहाटेच्या मोटारीने लोटन धुळ्याला गेला आणि दारातूनच ओरडून बायकोला म्हणाला, पाणी काढ, सुतक आहे. शेजारी हसले. 'गुरुजी, तार नाही, कागद नाही, सुतक कुणाचं धरता?' तार नंतर आली. पुढे मेहुणे इकडे आले तेव्हा त्यांनी सांगितले. त्या रात्री अक्काची बोटे गोधडीवर चालली होती. थांबत, थांबत. मध्येच मागे जात. शेवटी म्हणाली, 'पोचली रे.' आणि गेली."

"आणि पुस्तक?"

"तापीत सोडले. जीर्ण पोथी सोडतात तसे. सोडण्याआधी लोटनने ते पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले. धुळ्यातले लोक त्यालाही हसले असतील. हसोत."

"अभिमनचे काय झाले हो, आबा?" उखर्डूने विचारले.

"काय व्हायचे? आहे त्याच नोकरीत. तंबाखू सुटली. पुस्तक दिसले की उठून जातो. मी त्याला गेल्या पौषात पाहिला. आपल्या गावचा एक मजूर प्रेसमध्ये लागला, त्याच्यासोबत गेलो होतो. मजुराला अंगठा कसा उठवायचा ते ठाऊक नव्हते. अभिमन म्हणाला, असा. आणि दाखवायला म्हणून त्याने स्वतःचा अंगठा शाईत बुडवून कोऱ्या कागदावर टेकवला."

आबांनी आपला अंगठा घोंगडीत ओढून घेतला.

"नुसता काळा गोल. एकही रेघ नाही."