वरच्या मजल्यावरची ती

आमची पहिली भेट प्रिंटरपाशी झाली. तो गुडघ्यांवर बसून आत अडकलेला कागद ओढत होता आणि मी मागे उभी राहून सूचना देत होते.

“जरा हळू... फाटेल तो,” मी म्हटलं.

“फाटला तर... तुम्हाला सोडवायला एक पान कमी.” त्याने वर बघितलं. नाकाच्या शेंड्यावर शाई. मला हसू आलं, आणि तिथेच घात झाला.

परीक्षेच्या तयारीची पुस्तकं काढणारं आमचं ऑफिस. तो इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न लिहायचा, म्हणजे कर्त्याला ‘इज’ की ‘आर’, माणसाला ‘हू’ की ‘विच’. मी ते विद्यार्थ्यासारखे सोडवून बघायचे. सरावाच्या प्रश्नांचं उलटं, ते मी लिहायचे आणि तो सोडवायचा. नियम एकच. पुस्तक छापायला जाईपर्यंत प्रश्नांबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही. बोलता बोलता अडायचा म्हणून ऑफिसात त्याला स्वल्पविराम म्हणत. मला लवंगी म्हणत. का, ते कळेलच.

तर त्याच्या प्रश्नांत ती आली. वरच्या मजल्यावर राहणारी बाई, जी व्हायोलिन वाजवते. रिकाम्या जागी ‘हू’. पुढच्या पानावर, जिच्या सायकलला टोपली आहे. तिथे ‘हूज’. मग म्हणे, तिच्या मांजरांपैकी एक रोज दारात माझी वाट बघतं. इथे मुलं हमखास मांजरांकडे बघून अनेकवचनी क्रियापद लावतात. मी बरोबर एकवचनी लावलं आणि पेन्सिलचं टोक मोडलं.

रोज. म्हणजे हा रोज वर जातो.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. व्हायोलिन म्हणे... मला धड शिट्टी वाजवता येत नाही. मला तो हवा होता, अगदी नाकावरच्या शाईसकट, आणि त्याचीच वाक्यं सांगत होती की तो दुसरीचा आहे. विचारायचीही सोय नव्हती.

मग मीही काही कमी नाही. सरावाच्या प्रश्नांत मी आमच्या ऑफिसच्या इमारतीतल्या, तळमजल्यावरच्या डेंटिस्टला आणलं. डेंटिस्ट, जो पाऊस आला की माझ्यासाठी छत्री घेऊन थांबतो. डेंटिस्ट, ज्याचे डोळे फार बोलके आहेत. त्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं, फक्त दारावरची पाटी वाचली होती.

त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. पण दिवसभर माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मला बरं वाटलं, आणि घरी जाऊन रडूही आलं.

पुस्तक छापायला गेलं त्या दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. एक गाल बधिर, ओठ वाकडा.

“दाढ दुखत होती?” मी विचारलं.

“नाही... चांगली होती. मी फक्त बघायला गेलो होतो.”

“काय?”

“डेंटिस्ट. त्यांनी खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं... मग मला काही विचारताच येईना. दाढेत सिमेंट भरूनच सोडलं.” त्याने गाल चोळला. “साठीचे आहेत ते. भिंतीवर नातवंडांचे फोटो. छत्री... कुठे दिसली नाही.”

मी कागद सारखे करत बसले. ते आधीच सारखे होते.

“मग मीही विचारते,” मी म्हटलं. “वरच्या मजल्यावरची ती कोण?”

“मावशी.”

“कोणाची?”

“माझी. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. वाक्य सुचलं नाही की... मावशीला घालतो.”

डोक्यावरचं ओझं उतरलं, पण राग कुठे जातो?

“पुस्तकभर मावशी. आणि रोज समोर बसते तिच्यावर एक वाक्य नाही?”

“लिहिलं होतं... खोडलं.”

“का?”

“प्रत्येक प्रश्नाला तीन चुकीचे पर्याय द्यावे लागतात. तुझ्यावर लिहायला बसलो की मला दुसरा पर्यायच सुचत नाही.”

तुम्हीचं तू झालं होतं, आणि तो कुठेही अडला नव्हता.

मी, लवंगी, डबीतल्या टाचण्या मोजायला लागले. त्याने हळूच डबी बाजूला केली आणि माझा हात धरला.

“मावशीकडे येशील? आज?”

“येईन,” मी म्हटलं. “पण त्या मांजराला सांगून ठेव... उद्यापासून दारात तुझी वाट मी बघणार.”