बाहेरून न लावलेलं दार

“दार बाहेरून लावलेलं नव्हतं, असं सगळे सांगतात,” ताई म्हणाली. “मग मी आत इतका वेळ काय भिंत ढकलत होते?”

वडिलांच्या मागे आइस्क्रीमचा कारखाना तीच चालवायची. परवा दुपारी ती शीतखोलीत अडकली. कारखान्यातल्या मिस्त्रीने नुसतं बोटाने ओढलं तसं दार उघडलं. बाहेर ना कडी, ना अडसर. तेव्हापासून घरचे तिच्याशी हळू आवाजात बोलत. आई विश्रांतीसाठी दवाखाना शोधत होती. शीतखोलीतून ताई सुटली, त्या हळू आवाजातून सुटेना.

म्हणून ती खासगी तपास करणाऱ्या वहिनींकडे आली होती. सोबत असणारे दीर तशी हाक मारत, म्हणून साऱ्या गावाच्याच त्या वहिनी, आणि दीर सगळ्यांचे भावजी.

“आत काय जाणवलं?” वहिनींनी विचारलं.

“थंडीपेक्षा घुसमट. दाराशी खाली बसले की डोकं ठणकायचं. उभी राहिले की जरा बरं.”

“घाबरलं की होतं तसं,” भावजी म्हणाले. ताईने मान फिरवली. हेही त्यातलेच.

कारखान्यात वहिनी शीतखोलीच्या दारापाशी गुडघ्यांवर बसल्या. दार बाहेर उघडणारं. खालची रबरी पट्टी बाहेरच्या, उबेच्या बाजूने एका जागी बिस्किटासारखी तडकलेली.

“पाचर ठोकली म्हणावं, तर ती गेली कुठे?” भावजी म्हणाले. “बर्फाची म्हणावी, तर पाणी हवं.”

“थेंबही नव्हता,” मिस्त्री म्हणाला. “मीच आधी पोचलो.” त्याच्या कमरेला जाड हातमोजे होते. खोक्यांत भरायचा कोरडा बर्फ त्यांच्याशिवाय धरवत नाही, असं त्याने सांगितलं.

ऑफिसात आईजवळ ताईचा धाकटा भाऊ बसला होता. अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या टोकांना पट्ट्या.

“चहा सांडला,” तो म्हणाला. “ताईला आता खोदून विचारू नका. कारखान्याचं मी बघेन.”

वहिनींनी मिस्त्रीलाही आत बोलावलं.

“पाचर होती. कोरड्या बर्फाची.”

“तोही वितळणारच ना?” भावजींनी विचारलं.

“नाही, भावजी. पदार्थ घट्ट राहील, पातळ होईल की वायू, हे तापमान आणि दाब मिळून ठरवतात. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू टाकीत दाबून कोंडला की पातळ होतो. आपल्या हवेचा दाब त्याला पुरत नाही. इथे तो घट्टाचा थेट वायूच होतो. पाचर झिजत उडून गेली. वायू हवेपेक्षा जड, फटीतून आत जाऊन खाली साचला. म्हणून ताई बसल्या की घुसमटायच्या. रबरही त्याच गारठ्याने तडकलं.”

“मग मिस्त्रीच,” भावजी म्हणाले.

“मिस्त्रीने हातमोजे घातले असते. हे काम उघड्या हातांचं. चहा सांडला तर हाताच्या पाठीवर, नाहीतर मांडीवर. चिमटीत धरल्यासारखी तीनच टोकं कशी भाजतील? अतिथंडीनेही फोड येतात. पट्ट्या काढा.”

धाकट्याने मूठ मिटली.

“मारायचं नव्हतं,” तो म्हणाला. “ती घाबरून कारखाना सोडेल, एवढंच.”

“मी दार बडवत होते,” ताई म्हणाली. “तू ऐकत होतास?”

भावजी ताईकडे वळले. “चुकलं माझं, ताई.”

आई उठली. लेकीजवळ आली आणि परवापासून पहिल्यांदाच नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “पोलिसांना मी फोन करते. तू बस.”