फीत बांधलेली पुस्तकं

"स्नेहलनं काही पुसलेलं नाही," मधुवंती पुन्हा म्हणाली.

"मला काय सांगतेस? तुझ्या काकांना सांग," वरद म्हणाला. "आणि तुझी पिशवी माझ्या मांडीवरून काढ."

कुरुळीहून निगडीकडे निघालेली बस मोशीच्या अलीकडे कंटेनरांच्या रांगेत अडकली होती. दोघांचीही तोंडं उतरली होती, आणि कारणही तसंच होतं.

कुरुळीत सोपानरावांच्या पत्र्याच्या खोलीत एका संस्थेनं मुलांसाठी जुने कॉम्प्युटर आणून ठेवले होते. त्यांत सगळं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वापरावं आणि कुणालाही द्यावं असं. पण ते वापरायचं कसं हे सांगणारी पुस्तकं इंटरनेटवर, आणि त्या खोलीत इंटरनेटचा पत्ता नाही. म्हणून सुट्टी लागल्यापासून निगडीची ही दोघं आणि कुरुळीची स्नेहल ती पुस्तकं उतरवून घेत होती, मराठीत आणत होती आणि विषयवार लावत होती. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरचं अख्खं पुस्तक स्नेहलनं वहीत लिहून मराठीत आणलं होतं. ते सॉफ्टवेअर तिनं स्वतः चालवलेलं नव्हतं; तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. खोली सुरू झाली की चालवणार होती.

खोली तिच्या चुलत आजोबांची, म्हणजे सोपानरावांची. त्यांनी आधीच बजावलं होतं, "उद्घाटनाला पोरं शिकताना दिसली तर खोली तुमची. न्हाईतर कंपनीतली पोरं भाड्यानं मागत्यात."

पुस्तकं पेनड्राइव्हवर भरायचं काम मधुवंतीच्या श्यामकाकांनी हौसेनं घेतलं होतं. हौस जरा जास्तच होती. प्रत्येक पेनड्राइव्हला लाल फीत बांधली, हळदकुंकू वाहिलं, आणि सगळे सोपानरावांच्या देवघरात नेऊन ठेवले. स्नेहल विनवत होती, "एकदा उघडून बघू द्या ना." पण पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायच्या आधी फीत सोडायची म्हणजे काय? दोन्हीकडच्या मोठ्यांचं यावर मात्र एकमत झालं.

आज पाहुणे आले आणि त्यांनी फीत कापली. पडद्यावर पुस्तकांची सुंदर चित्रं उमटली. टाळ्या पडल्या. मग एकही पुस्तक उघडलं नाही.

"घरात कुणीतरी हात लावलेला दिसतोय," श्यामकाका हसून म्हणाले होते. "पुसलं गेलं असेल." सगळ्यांच्या नजरा स्नेहलकडे वळल्या. सोपानरावांनी बाहेर जाऊन कुणालातरी फोन केला.

"फिती तर पाहुण्यांनी कापेपर्यंत जशाच्या तशा होत्या," मधुवंती म्हणाली. "मग पुसणार कशी?"

वरद एकदम सरळ बसला. "म्हणजे घोटाळा फीत बांधायच्या आधी झालाय. तुझ्या घरी."

पाहुण्यांना गाडीतून सोडायला गेलेले श्यामकाका मधुवंतीच्या घरी आधीच येऊन बसले होते. वरदनं चेहरा भोळा केला. "काका, पेनड्राइव्ह कसे भरलेत ते आम्हाला शिकवा ना. आम्हाला जमत नाही."

श्यामकाका खूश झाले. "त्यात काय! हे बघ." कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरदनंच ओळीनं मांडलेली पुस्तकांची चित्रं त्यांनी एकदम धरली आणि पेनड्राइव्हवर सोडली. "झालं. दोन मिनिटंसुद्धा नाही लागली."

"इतकी पुस्तकं, इतक्या लवकर?" मधुवंतीनं विचारलं. "मला तर उतरवून घ्यायला अख्खी दुपार जायची."

"मशीन नवीन आहे, राणी."

तिनं तोच पेनड्राइव्ह आईच्या लॅपटॉपला लावला. चित्रं दिसली. एकही पुस्तक उघडेना.

"काका, ही चित्रं म्हणजे नुसते शॉर्टकट, दारावरच्या पाट्या," वरद म्हणाला. "पुस्तकं तुमच्या कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. तुम्ही पाट्या तेवढ्या कुरुळीला पाठवल्यात."

काकांनी एका चित्रावर दोनदा क्लिक केलं, मग आणखी एकावर. "मी एकदा उघडून बघायला हवं होतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना हसू आलं नाही.

मुलांनी खरी पुस्तकं भरली, प्रत्येक उघडून पाहिलं. फीत बांधली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या गाडीतून तिघं कुरुळीला पोचली.

खोलीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत सतरंज्यांवर रात्रपाळी करून आलेली कंपनीतली पोरं झोपली होती. कॉम्प्युटर नव्हते.

"संस्थेचा टेम्पो आला होता," सोपानराव म्हणाले. "दुसऱ्या गावाला न्हेलं त्यांनी."

काकांनी सगळी चूक स्वतःकडे घेतली आणि सगळ्यांसमोर स्नेहलची माफी मागितली. सोपानरावांचा चेहरा पडला. ते आत गेले, कालच्या सत्कारातला उरलेला नारळ घेऊन आले आणि त्यांनी तो स्नेहलच्या हातात दिला. "पोरी, तू खरी व्हतीस. आमीच चुकलो. ह्या निगडीच्या पोरांनी बी छडा लावला, शाब्बास."

"मग खोली, तात्या?" स्नेहलनं विचारलं.

सोपानरावांनी झोपलेल्या पोरांकडे पाहिलं. "शब्द दिलाय त्यांना. ती बी कुणाची तरी लेकरंच हायेत. आता कुठं धाडू?"

मधुवंतीला रडू येत होतं. हरल्यावर मिळालेली शाबासकी तिला नकोशी झाली होती.

स्नेहलनं नारळ उंबऱ्याशी ठेवला आणि पेनड्राइव्हची पिशवी उघडून आत पाहिलं. "कॉम्प्युटर ज्या गावाला गेले, तिथं हे पाठवा," ती काकांना म्हणाली. "आणि सांगा, आल्या आल्या उघडून बघा म्हणावं. पाहुण्यांसाठी थांबू नका."

"नक्की सांगतो," काका म्हणाले.

वरदनं पिशवीतला एक पेनड्राइव्ह काढून तिच्यापुढे धरला. "हा तुझ्यासाठी ठेव. यात तुझं पुस्तक आहे."

स्नेहलनं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"कशाला लावू?" तिनं विचारलं, आणि परत पिशवीत टाकला.