तू शाँत ब्याँ

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"मुंग्या आल्या!"

"आता बघा..."

घाटनांदूरच्या चन्नप्पाशेठच्या गच्चीवर डिशवाला संगमेश वायरीशी झटापट करत होता, आणि खाली टीव्हीसमोर उभी राहून शेठची पोरगी अपेक्षा त्याला वर ओरडून उत्तरं देत होती. साल सत्त्याण्णव. गावात डिश येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं; संगमेशच्या एकाच डिशवरून घराघरांत वायरी गेल्या होत्या. भादव्याचं ऊन असं तापलं होतं की गच्चीवर अनवाणी माणूस नाचतच राहावा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं अजून, नुसता आवाज ओळखीचा झाला होता.

तेवढ्यात पडद्यावरच्या मुंग्या पळाल्या आणि एक बाई दिसली. पन्नाशीची, केस पांढरे, काळा साधा झगा. मागं ना नाचणाऱ्या पोरी, ना बर्फाचे डोंगर. बाई एकटी उभी होती आणि गात होती... गात कसली, जिवाभावाच्या माणसाला अंगणात उभं करून बोलत होती जणू.

"थांबा!" अपेक्षा किंचाळली. "हलू नका! हात हाय तसाच धरा!"

आणि त्या भल्या माणसानं तो धरला! गाणं संपेपर्यंत धरला. वर उन्हात तो घामाघूम, खाली ती गालावर ओघळ घेऊन उभी. एक शब्द कळला नव्हता, तरी रडू कशाचं आलं, हे तिचं तिलाच कळेना.

गाणं संपल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली. बघते तर काय – चोविशीचा सावळा पोरगा, खिशात पक्कड, आणि तळहात लालबुंद.

"मॅच होती का काय?" त्यानं विचारलं.

"बाई गात होती."

"कोण बाई?"

"म्हाइत न्हाई... भाषा बी कळली न्हाई."

"मग ऐकलं काय एवढं?"

"सगळं," अपेक्षा म्हणाली.

संगमेशनं तांब्या तोंडाला लावला, पण डोळे तिच्यावरच राहिले, आणि निम्मं पाणी शर्टावर सांडलं. ती हसली. तोही हसला. मग म्हणाला, "फ्रेंच हाय ते. रिसिव्हरचा एक डबा मोकळा होता, त्याच्यात चुकून लागलंय. दोन दिसांत काढून तिथं कुस्तीचं लावतो."

"कावून? ऱ्हाऊ द्या की."

"बघणार कोण?"

"मी."

 पक्कड खिशात नीट होती, तरी त्यानं ती काढून पुन्हा खिशात घातली. "मग ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला.

त्या बाईचं नाव ओदेत मार्शां. हे अपेक्षाला महिन्याभरानं कळलं. रविवारी दुपारी ती लागायची, आणि त्या वेळेला शेठच्या घरात चहा मागायची कुणाची टाप नव्हती. पण नुसतं ऐकून पोरीचं भागेना. बाई म्हणते काय, ते कळायला पाहिजे! अंबाजोगाईच्या कॉलेजात ती बी.ए.ला जात होती, तिथं फ्रेंच शिकवणारं कोण सापडणार? मैत्रिणी म्हणाल्या, "तू काय पॅरिसला नांदायला जाणार हायेस का?"

संगमेश डबे-वायरी आणायला रेल्वेनं हैदराबादला जायचा. एकदा परतला तो पिशवीत एक जुनं पुस्तक घेऊन. इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारं. पुट्ठा सुटलेला, आत कुणाच्या तरी चहाचा गोल डाग.

"रस्त्यावर दिसलं," तो दाराशी उभा राहून म्हणाला. "तुमच्या उपयोगाचं हाय का बघा."

उपयोगाचं! अपेक्षानं ते पुस्तक छातीशी धरलं आणि भानावर येऊन लगेच खाली केलं. आई – उमाबाई – चुलीपाशी होती, पण तिला पाठीलाही डोळे होते.

आणि मग सुरू झालं हो! भाकरी थापताना आकडे, भांडी घासताना वार. पाणी शेंदताना 'मेर्सी', केर काढताना 'बोंजूर'. आपल्या घरात कुणी कुणाला आभार म्हणत नाही. पाण्याचा पेला पुढं आला की प्यायचा आणि खाली ठेवायचा. आणि ही फ्रेंच माणसं उठता-बसता मेर्सी! अपेक्षाला आधी हसू यायचं. मग एक दिवस उमाबाईंनी सहज सांगितलं, "त्या डिशवाल्या पोराला सगळ्या गल्लीनं धारेवर धरलंय बघ. ते गोऱ्यांचं काढ अन् कुस्तीचं लाव म्हणून. काही जणांनी कनेक्शनबी तोडलं. पण पोरगं ऐकंना. म्हणतंय, बघणारं हाय एक गिऱ्हाईक."

अपेक्षाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.  एका गिऱ्हाइकासाठी! अख्ख्या गावाचे शिव्याशाप खाऊन हा माणूस रविवारची ओदेत आपल्या एकटीसाठी चालू ठेवतोय, आणि एका शब्दानं कधी बोलला नाही. असल्या माणसाला काय म्हणायचं? 'आभारी आहे' म्हणावं तर शाळेतल्या संमेलनाचा शेवट वाटतो. 'थँक्यू' म्हणावं तर बँकेतल्या साहेबासारखं. तिनं ठरवलं, सांगायचं तर ओदेतच्याच भाषेत.

पुढच्या वेळी तो वायर बघायला आला तेव्हा ती जिन्यात आडवी आली.

"मेर्सी," ती म्हणाली. कान तापले होते तिचे.

"कशाबद्दल?"

"तुमाला म्हाइतंय कशाबद्दल."

संगमेशनं मान खाली घातली. "माझंबी एक ऐकायचं हाय तुमाला," तो पुटपुटला. "पण अजून जमंना... जमलं की सांगतो."

काय जमेना, ते तिनं लई विचारलं. पठ्ठ्यानं ताकास तूर लागू दिली नाही. खरी गंमत अशी होती की हैदराबादच्या त्या रस्त्यावर त्यानं पुस्तकं दोन घेतली होती. एक तिला दिलं, आणि एक त्याच्या डब्यांच्या खोलीत, रिसिव्हरच्या मागं. ती ज्या धड्यावर असेल त्याच्या आसपास राहायची त्याची धडपड चालली होती. समोर गुरू नाही, उच्चार सांगणारं कुणी नाही. पोरगं अक्षरं बघून वाचायचं आणि घाटनांदुरी थाटात म्हणायचं. बघा म्हणजे... प्रेमात माणूस काय काय करतो!

तर झालं असं. दिवाळीच्या अलीकडचा दिवस, अवचित भुरभुर पाऊस, आणि टीव्हीवर परत मुंग्या. संगमेश गच्चीवर टाकीच्या आड पोतं डोक्यावर घेऊन जोड बांधत होता. अपेक्षा वाळत घातलेल्या सांडग्यांची ताटं उचलायला वर आली होती. पावसाच्या आवाजात आपलं कोण ऐकतंय म्हणून तिनं ओदेतचं गाणं धरलं. हळू धरलं, मग विसरून मोठ्यानं. संगमेशचा हात थांबला. पाऊस त्याच्या पापण्यांवरून टपकत होता आणि तो बघतच राहिला होता. तिनं वळून पाहिलं... थबकली... लाजली.

त्याच घटकेला चन्नप्पाशेठ जिना चढत खालूनच ओरडले, "अरे संगमेश, झालं का न्हाई बे तुझं?"

संगमेशला ते ऐकूच आलं नाही. त्याचं जमलं होतं! कधीपासून घोकलेलं वाक्य त्यानं छातीत दम भरून म्हणून टाकलं –

"तू शाँत ब्याँ!"

शेठचं पाऊल शेवटच्या पायरीवर तसंच अडकलं.

आता बघा, त्या वाक्याचा अर्थ आहे 'तू छान गातेस'. त्यातला तू ओठांचा चंबू करून म्हणायचा असतो, आणि ब्याँ अर्धा नाकातून. पण चंबू करायला याला शिकवलं कुणी? शेठनं विचारलं, झालं का बे, आणि वरून कडक आवाजात उत्तर आलं – 'तू शांत बे!'

बाजारपेठेत ज्यांच्यापुढं पोलीस पाटील टोपी सारखी करतात, त्या साठीच्या चन्नप्पांना! तू! शांत! आणि वर बे!

"काय म्हणलास रे?" शेठचा चेहरा लालेलाल झाला. "माझ्या घरात उभं ऱ्हाऊन मला गप बसवतूस?"

 संगमेश सांगणार काय? 'तुम्हाला नाही म्हणालो' म्हणावं तर मग कुणाला, हा प्रश्न आला. त्यानं एकदा अपेक्षाकडं पाहिलं, पोतं उचललं, "चुकलं काका," म्हणाला आणि भिजत निघून गेला.

संध्याकाळपर्यंत बाजारात बोभाटा झाला. आधीच कुस्तीवरून जळत होते, त्यांना आयतं कोलीत मिळालं. व्यापाऱ्यांनी ठरवलं, रविवारी सगळ्यांनी मिळून त्याची डिश बंद करायची. माजलाय म्हणे पोरगा.

अपेक्षा ताटावरून उठून गेली. एक वाक्य बोललं तर त्याचा धंदा वाचत होता. पण ते वाक्य म्हणजे, त्यानं मला म्हटलं, माझ्या गाण्याला म्हटलं. आणि मग घरातलं तिचं जे काय होणार ते होणारच. कॉलेज बंद, पुस्तक चुलीत. ती दोन दिवस घुसमटली. मग तिला त्याचा तो लालबुंद तळहात आठवला, आणि स्वतःचीच शरम वाटली. तिच्यासाठी त्यानं सगळ्या गावाचं ऐकून घेतलं, आणि आपल्याच्यानं बापाचं एकट्याचं ऐकून घेववत नाही?

शनिवारी सकाळी शेठ कपाळाला विभूती लावून पूजेवरून उठले, तशी ती समोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, त्यांनी तुमाला न्हाई म्हणलं. मला म्हणलं. आन् गप बस असं न्हाई म्हणलं."

"मग काय म्हणलं?"

"फ्रेंच होतं ते. 'तू छान गातीस' असं होतंय त्याचं."

उमाबाईंच्या हातातली पळी खणकन पडली. शेठ पाटावर परत बसले. पुस्तक मागवलं, चष्मा लावला, पोरीनं बोट ठेवलं ती ओळ डोळ्यांपाशी नेली. इंग्रजी त्यांना बिलापुरतं येत होतं. पण माणूस व्यापारी! मालातला खडा बरोबर दिसतो.

"फ्रेंचमधीबी तू ला तूच म्हणतेत व्हय?"

"व्हय."

"आन् तुमी ला? का तुमी न्हाईच त्यांच्यात?"

 खोटं बोलणं किती सोपं होतं! "हाय की," ती म्हणाली. "वू म्हणतेत."

"मग त्यानं वू कावून न्हाई म्हणलं?"

 पुस्तकात तो धडा होता. वू परक्याला, वडीलधाऱ्याला; तू लेकरांना, देवाला, आणि... ज्याच्यावर जीव असतो त्याला.

"त्यांचा तो धडा झाला नसंल," ती कशीबशी म्हणाली.

"बोलवा त्याला," शेठ म्हणाले.

संगमेश आला तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. शेठनी पुस्तक पुढं केलं. "ही म्हणती तुझा वू चा धडा राहिलाय. खरं का?"

अपेक्षानं डोळ्यांनी विनवलं, हो म्हण रे बाबा, हो म्हण. एका 'हो'मध्ये सगळं मिटत होतं. उद्या डिश चालू, धंदा चालू, आणि काही घडलंच नव्हतं असं सगळं चालू.

संगमेशनं तिच्याकडं पाहिलं. मग शेठकडं.

"न्हाई काका. झालाय धडा. दोनदा वाचलाय." त्याचा आवाज कापत होता, पण शब्द सरळ होता. "ठरवून तू म्हणलो."

बापरे! उमाबाईंनी पदर तोंडाशी नेला. अपेक्षाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्या पाण्यातून सगळं घर, बाप, आई, दारातला तो भित्रा-धीट माणूस, सगळे तिला एकदम फार आपले वाटले. आपण मागितली होती एक वाहिनी, आणि मिळालं काय हे!

 शेठ चष्मा काढून पुसत म्हणाले, "सोमवारी तुझ्या आईला घेऊन ये. तुझ्याशी बोलून उपयोग न्हाई. तू कोणत्या भाषेत काय बोलशील, नेम न्हाई."

"आन् उद्याचं?" उमाबाईंनी विचारलं.

"उद्या बाजारात मी सांगतो की, माझ्याच कानाची चूक झाली म्हणून. माणसाचा कान चुकत न्हाई व्हय?" शेठ उठले, टोपी चढवली, आणि दुकानाकडं जाताना दारात त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून पुढं झाले.  उमाबाईंना नेमकं तेव्हाच परसात काही काम आठवलं.

दोघंच राहिली. संगमेश तसाच उंबऱ्याबाहेर, चपला हातात.

"भ्या न्हाई वाटलं?" तिनं विचारलं.

"लई वाटलं. आताबी वाटायलंय."

"मग खरं कावून बोललात?"

"तुमाला खोटं पाडलं खरं..." त्यानं चपला खाली ठेवल्या. "पण खोटंच बोलायचं होतं, तर एवढं शिकलो कशाला असतो?"

अपेक्षाला एवढं भरून आलं की कुठल्याच भाषेतलं काही सुचेना. मनात ओदेतला हात जोडले, बापाला जोडले. मग तिच्या घरात कुण्या बाईनं आपल्या माणसाला आजवर म्हटलं नव्हतं, तसं ती म्हणाली –

"तू आत ये. बस. चहा टाकते."