सातव्या झाडापाशी

भाड्याच्या, उभ्यानं चालवायच्या विजेच्या स्कूटर लोक वाटेतच सोडून जातात. त्या उचलून फुटपाथच्या कडेला सरळ रांगेत लावायच्या आणि फोटो काढून ऑफिसला पाठवायचा, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं, करून बघा! वीस-वीस किलोची ती धुडं उचलून त्याची कंबर पार कामातून गेली होती.

त्यात ताईची भर. त्याची थोरली बहीण जन्मांध. काठी टेकत ती रोज याच फुटपाथवरून हॉस्पिटलच्या टेलिफोनवर कामाला जायची. मागच्या आठवड्यात सातव्या झाडापाशी ती मध्येच आडव्या लावलेल्या स्कूटरवर आदळली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

"आजही तिथंच होती," ताई म्हणाली. "एवढी एक गाडी हलवता येत नाही तुला? आता पुन्हा पडायची हिंमत नाही माझ्यात. सोमवारी राजीनामा देते."

"अगं, काही नव्हतं तिथं! हा फोटो बघ की..." तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बावीस वर्षांची नोकरी! त्याला वाईट वाटलं, आणि तेवढाच रागही आला. दिवसातून चार चार वेळा तो तिथं जाऊन बघत होता. फरशी लख्ख मोकळी असायची.

शुक्रवारी सकाळी तो तिच्याबरोबरच निघाला. "चल, दाखव मला तुझी गाडी."

सातवं झाड आलं. स्वच्छ ऊन, चार वाळकी पानं, बाकी काही नाही.

टक्.

काठी हवेतच अडली. आवाज लोखंडाचा होता.

"झालं समाधान?" ताई म्हणाली.

त्यानं हात पुढे केला. बोटांना रबरी मूठ लागली. कोमट होती. पायानं चाचपलं तर स्टँड वरच, लावलेलं नव्हतं.

भीती वाटली, पण वैताग त्याहून मोठा. "कुणीही यावं, कुठंही लावावं, निस्तरायचं मात्र मी!" म्हणत त्यानं जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. वीस किलो त्याला झोपेतही ओळखू आले असते. हे वजन चौपट होतं.

ताईनं काठी काखेत धरून मदतीला चांगला हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

"माफ करा हं," ती म्हणाली. त्याला नाही.

मग त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, "अरे, ढकलतोस काय? आधी त्यांना उतरू तरी दे."

त्यानं दोन्ही हात सोडले.

गाडी पडल्याचा आवाज आला नाही.